ढग आला की ग्रिड कोसळते?

ग्रिडबद्दल, म्हणजे वीजपुरवठ्याच्या जाळ्याबद्दल, वर्षानुवर्षे फिरणारा मेसेज असा: ‘सूर्यावर ढग आला की फ्रिक्वेन्सी कोसळते, म्हणून ग्रिडमध्ये सौरऊर्जा फार घेताच येत नाही.’

यामागची शंका रास्त आहे. फ्रिक्वेन्सी म्हणजे विजेची सेकंदाला होणारी आवर्तनं. निर्मिती आणि वापर यांचा तोल गेला की ती ५० हर्ट्झवरून (काही देशांत ६०) सरकते. औष्णिक किंवा जलविद्युत केंद्रातलं जड चक्र आपल्या जडत्वाने ही घसरण मंदावतं. सौर पॅनेलमध्ये फिरणारं काहीच नसतं.

पण ढग एका छपरावर येतो, हजारो ठिकाणी एकाच क्षणी नाही. एकत्रित निर्मिती हळूहळू बदलते, आणि ढगांचा अंदाज आधी बांधता येतो. खरी परीक्षा असते एखादं मोठं केंद्र अचानक बंद पडतं तेव्हा, मग ते कोळशाचं का असेना. तेव्हा बॅटरी सेकंदाच्या आत वीज पुरवू शकते. जडत्वासाठी सिंक्रोनस कंडेन्सर, म्हणजे इंधनाशिवाय ग्रिडच्याच विजेवर फिरणारी जड यंत्रं, बसवता येतात. इन्व्हर्टर पॅनेलची किंवा बॅटरीची वीज ग्रिडला चालेल अशी करतो; त्यातले ग्रिड-फॉर्मिंग इन्व्हर्टर तर स्वतःच फ्रिक्वेन्सीची लय धरतात.

सेटिंग मात्र महत्त्वाचं. जर्मनीत जुने सौर इन्व्हर्टर फ्रिक्वेन्सी ५०.२ हर्ट्झला पोचताच सगळे एकदम बंद होतील असे लावलेले होते. ढगांपेक्षा तो धोका मोठा होता. नंतर ते सुधारले गेले.

पडताळायचंय? हर्ट्झ दाखवणारा प्लग-इन वीजमीटर सॉकेटला लावा. ढगाळ दुपारी आणि रात्री आकडे टिपा. आकडा रात्रीही थोडा डोलतोच, तेव्हा तर सूर्य नसतो.