डीले लाइनचा बफर किती मोठा ठेवायचा?

सवाई गंधर्व महोत्सवासारख्या मोठ्या मांडवात मागच्या स्पीकरना आवाज मुद्दाम उशिरा द्यावा लागतो, म्हणजे तो स्टेजवरून हवेतून येणाऱ्या आवाजाबरोबरच पोहोचतो. आवाज थोडा वेळ साठवून उशिरा वाजवते ती डीले लाइन, आणि तो साठवायची जागा म्हणजे बफर. स्पीकर स्टेजपासून ६० मीटरवर असेल, तर १२ अंश तापमानाला (ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण ३३९ मीटर) हा उशीर १७७ मिलिसेकंद भरतो, ३० अंशांना १७२. डिसेंबरातल्या पुण्यात दुपार ते रात्र एवढा फरक सहज पडतो.

प्युअर डेटा (पीडी) या आवाजाच्या प्रोग्रॅमिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये हे करून बघायला ‘डेलराइट~ मांडव २००’ आणि ‘डेलरीड~ मांडव १७७’ असे दोन ऑब्जेक्ट पुरतात. पहिल्यातला आकडा बफरची लांबी, दुसऱ्यातला प्रत्यक्ष उशीर. डेलरीडकडे २५० मागितले तरी मिळणार २००च, आणि एररही येत नाही. त्यामुळे चूक कानाला कळेपर्यंत बराच वेळ जातो. लांबी ठरवायची ती कमाल उशिरावरून. कोरसमध्ये (एकाच आवाजाचे अनेक भासवणाऱ्या इफेक्टमध्ये) उशीर २० मिलिसेकंदांभोवती ५ने खालीवर होत असेल, तर गरज २५ची, ३० ठेवा. एको लयीत हवा असेल, तर ६०,००० भागिले बीपीएम (मिनिटाला पडणारे ठोके). सर्वांत संथ लय ४० असेल, तर १५०० आणि वर थोडे.

मेमरीची काटकसर इथे उगाचच होते. ४८,००० सॅम्पल रेटला (सेकंदाला आवाजाचे ४८,००० नमुने), सॅम्पलमागे ४ बाइट धरून, मोनोचा एक सेकंद जेमतेम १९२ किलोबाइट. अतिविलंबित एकतालाची मात्रा ५ सेकंदांची धरली, तरी १२ मात्रांचे अख्खे आवर्तन साडेअकरा मेगाबाइटांत मावते.

खरी अडचण छोट्या उशिराची. पीडी ६४ सॅम्पलांचा एकेक ब्लॉक करून हिशेब करतो. फीडबॅक असला, म्हणजे बाहेर आलेला आवाज पुन्हा डीले लाइनमध्ये सोडला, की आधी वाचन, मग लेखन. म्हणून उशीर एका ब्लॉकच्या खाली, ४४,१०० रेटला १.४५ मिलिसेकंदांच्या खाली, उतरत नाही. डीले लाइनवर तार छेडल्यासारखा स्वर काढू पाहाल, तर तो ६८९ हर्ट्‌झच्या वर चढत नाही. बफर कितीही वाढवा, उपयोग शून्य. लिहिणारा, वाचणारा आणि फीडबॅकचा गुणक एका सबपॅचमध्ये (पॅच म्हणजे पीडीतला प्रोग्रॅम, सबपॅच त्याच्या आतला छोटा पॅच) घालून आत ‘ब्लॉक~ १’, म्हणजे एकाच सॅम्पलचा ब्लॉक, ठेवा. प्रोसेसरवर ताण येतो, म्हणून बाकीचा पॅच बाहेरच राहू द्या. फीडबॅक नसेल, तर ब्लॉकला हात लावायची गरज नाही: डेलराइट एका सबपॅचमध्ये, डेलरीड दुसऱ्यात, आणि पहिल्याच्या आउटलेटपासून दुसऱ्याच्या इनलेटपर्यंत एक नावापुरती ऑडिओ वायर. लेखन आधी होते आणि ब्लॉकभराचा उशीर जातो.