हिमकालाची समाप्ती आणि खानदेश

खंडांएवढे हिमस्तर वितळून पृथ्वी पुन्हा उबदार होण्याची प्रक्रिया. शेवटचा हिमकाल सुमारे २१,००० वर्षांपूर्वी ऐन भरात होता व ११,७०० वर्षांपूर्वी संपला.

सुरुवात उन्हापासून होते. पृथ्वीच्या अक्षाचा कल सुमारे ४१,००० वर्षांच्या फेऱ्याने कमीजास्त होतो, तर परांचनामुळे, म्हणजे अक्ष भोवऱ्यासारखा डुलत असल्यामुळे, सुमारे २३,००० वर्षांच्या फेऱ्याने उन्हाळा पृथ्वी कधी सूर्याजवळ, कधी दूर असताना येतो. उत्तरेकडचा उन्हाळा प्रखर झाला की कॅनडा व स्कँडिनेव्हियावरचे हिमस्तर वितळू लागतात. सर्बियन शास्त्रज्ञ मिलुटिन मिलांकोविच यांनी हे गणित मांडले. समुद्रतळाच्या गाळातून १९७६ मध्ये त्याला भक्कम पुरावा मिळाला. मात्र एवढ्या ऊनफरकाने हिमकाल संपत नाही. वितळलेले गोडे पाणी उत्तर अटलांटिकमध्ये शिरून तिथला उष्ण प्रवाह मंदावतो, उष्णता दक्षिणेत साठते आणि दक्षिण महासागर कार्बन डायऑक्साइड सोडू लागतो. हवेतले त्याचे प्रमाण या काळात दशलक्षात सुमारे १९० भागांवरून २६० च्या पुढे गेले. बर्फ हटल्याने उघडी पडलेली काळी जमीन व पाणी ऊन अधिक शोषतात, आणि मग थंडीकडे माघार अवघड होते. तरीही ती अधूनमधून झाली : १२,९०० वर्षांपूर्वी उत्तरेत थंडी परतली आणि हजारभर वर्षे टिकली.

खानदेशात हिमस्तर कधीच नव्हते. इथे हिमकाल जाणवला तो दुबळ्या पावसाळ्याच्या रूपाने. चाळीसगाव तालुक्यातील पाटणे येथे पुरातत्त्वज्ञ एस. ए. साळी यांनी केलेल्या उत्खननात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी आणि रेघा कोरलेला तुकडा मिळाला. हे अवशेष सुमारे २५,००० वर्षांपूर्वीचे. शहामृग उघड्या, कोरड्या मुलखाचा पक्षी; आज कपाशी-केळीसाठी ओळखल्या जाणाऱ्या या भागाचे ते जुने रूप इतके ठळकपणे क्वचितच कुठे दिसते.

हिमस्तर वितळवणाऱ्या प्रखर उन्हाळ्यानेच आशियाची भूमी जास्त तापली व नैर्ऋत्य मोसमी वारे बळावले. दख्खनच्या नद्यांनी हिमकालात साचलेला गाळ कोरत पात्रे खोल केली. तापीकाठच्या उंच दरडींत तो जुना गाळ उघडा दिसतो. समुद्राची पातळी हिमकालात सुमारे १२० मीटर खाली होती, म्हणून खंबातचे आखात कोरडे होते आणि तापी आजच्या मुखापेक्षा बरीच पश्चिमेला समुद्राला मिळे. बर्फाचे पाणी समुद्रात आले तसे आखात भरले आणि तिचे मुख पूर्वेकडे सरकले.