बिबड्यांसारखं वाळलेलं रक्त

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, ताई माहेरी येते तेव्हा आमच्या यावलच्या घराच्या गच्चीवर जुन्या साडीवर ज्वारीच्या, पापडासारख्या बिबड्या वाळत असतात. यंदा भर दुपारी कूलर लावून आम्ही दोघांनी ‘कन्व्हिक्शन’ पाहिला. २०१० चा सिनेमा, खऱ्या घटनेवरचा. अमेरिकेत १९८० मध्ये झालेल्या एका खुनासाठी केनी वॉटर्सला १९८३ मध्ये जन्मठेप झाली. शाळा अर्धवट सुटलेली त्याची बहीण बेटी ॲन त्याच्यासाठी शिकून वकील झाली आणि १९९९ मध्ये तिने कोर्टाच्या तळघरातून पुराव्याचं खोकं शोधून काढलं.

“इतक्या वर्षांनी त्या रक्तात राहिलं काय असेल रे?” ताईने विचारलं.

घटनास्थळी ‘ओ’ गटाचं रक्त सापडलं होतं आणि केनीचा गटही ‘ओ’. पण अमेरिकेत शंभरातल्या साधारण पंचेचाळीस जणांचा गट ‘ओ’च असतो! गट जुळला नाही तर माणूस सुटतो. जुळला तर ‘हा असू शकेल’ एवढंच म्हणता येतं. माझ्या मते खरी गफलत होते ती इथे.

डीएनएवरून माणूस ओळखण्याची युक्ती ॲलेक जेफ्रीज यांना इंग्लंडमध्ये सापडली १९८४ मध्ये. केनीच्या निकालानंतर दीड वर्षाच्या आत. आपल्या डीएनएत काही ठिकाणी रासायनिक अक्षरांचा छोटा तुकडा पुन्हा पुन्हा येतो, कुणात नऊ वेळा, कुणात चौदा. एक आकडा आईकडून, एक बापाकडून. अशी दहा-बारा ठिकाणं मोजली की हुबेहूब जुळ्या भावंडांखेरीज दोघांचे सगळे आकडे जुळणं जवळपास अशक्य. नमुना कणभर असला तरी चालतो: पीसीआर या डीएनएच्या प्रती काढायच्या पद्धतीत तीस वेळा दुप्पट केलं की एकाच्या शंभर कोटींवर प्रती होतात.

आणि टिकतं कसं? ताईला मी गच्चीच दाखवली. खडखडीत वाळलेली बिबडी वर्षभर राहते. ओलसर असताना प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबली तर आठवड्यात बुरशी. रक्ताचंही तसंच. ओल असली की जिवाणू वाढतात आणि डीएनएचे तुकडे पाडतात. म्हणून रक्ताचा कपडा आधी वाळवून कागदी पिशवीत ठेवायचा असतो. ते खोकं कुणी फेकून दिलं असतं, तर प्रयोगशाळा काय करणार होती?

डीएनए जुळला नाही. मार्च २००१ मध्ये केनी सुटला, अठरा वर्षांनी. सहा महिन्यांनी एका भिंतीवरून पडून गेला. सिनेमात हे येत नाही. मी सांगितलं, तशी ताई काही न बोलता बिबड्या उलटायला वर निघून गेली.