सिकलसेल वाहक आणि सिकलसेल रुग्ण: ‘एएस’ आणि ‘एसएस’ यांतला खरा फरक

विदर्भात किंवा नंदुरबार, धुळे, पालघरच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराची तपासणी झाली, की काही घरांत ‘सोल्युबिलिटी पॉझिटिव्ह’ असे लिहिलेला कागद येतो. तो वाचून एखाद्या घरात मुलीला सिकलसेल आहे असा गवगवा होतो आणि तिचे लग्न मोडते. दुसऱ्या घरात मात्र तोच शेरा असलेला मुलगा वरचेवर हातपाय दुखल्याने रडत असतो आणि ‘पॉझिटिव्ह तर शेजारचीही आहे, तिला कुठे काय होते’ असे म्हणून त्याच्याकडे दुर्लक्ष केले जाते. या दोन्ही चुकांचे मूळ एकच आहे. वाहक असणे आणि रुग्ण असणे या दोन वेगळ्या शारीरिक अवस्था आहेत, आणि सोल्युबिलिटीची प्राथमिक चाचणी त्यांतला फरक दाखवू शकत नाही. रक्तात सिकल हिमोग्लोबिन आहे की नाही एवढेच ती सांगते. ते किती आहे आणि त्याच्या सोबतीला दुसरे कोणते हिमोग्लोबिन आहे, हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणाऱ्या चाचण्यांतूनच कळते. ‘ए’ म्हणजे नेहमीचे हिमोग्लोबिन आणि ‘एस’ म्हणजे सिकल; दोन अक्षरे आईवडिलांकडून आलेल्या दोन जनुकांची. सिकलचे एकच जनुक असलेल्या वाहकाच्या अहवालात ‘एएस’ आणि दोन्ही जनुके सिकलची असलेल्या रुग्णाच्या अहवालात ‘एसएस’ असा पॅटर्न येतो.

‘एएस’ म्हणजे अर्धा आजार आणि ‘एसएस’ म्हणजे पूर्ण आजार, असा या अक्षरांचा अर्थ लावला जातो. वारशाचे गणित म्हणून हा अर्धा-पूर्ण हिशेब बरोबर आहे, पण आजाराचे वर्णन म्हणून तो चुकीचा आहे. ते का, हे समजण्यासाठी तांबड्या पेशीच्या आत पाहावे लागते.

तांबडी पेशी ही शरीरातली एक विलक्षण पेशी आहे. तिने आपले केंद्रकही टाकून दिलेले असते आणि जवळजवळ सगळी जागा हिमोग्लोबिनला दिलेली असते. एका पेशीत त्याचे सुमारे २७ कोटी रेणू दाटीने भरलेले असतात. प्रत्येक रेणूत दोन अल्फा आणि दोन बीटा साखळ्या असतात. बीटा साखळी १४६ अमिनो आम्लांची असून तिचा आराखडा अकराव्या गुणसूत्रावर असतो. या साखळीतल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसले, की सिकल हिमोग्लोबिन तयार होते. लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये दाखवून दिले की रुग्णाचे हिमोग्लोबिन विद्युतक्षेत्रात निराळ्या वेगाने सरकते, आणि वाहकाच्या रक्तात दोन्ही प्रकारांचे मिश्रण असते. पुढे व्हर्नन इन्ग्राम यांनी केंब्रिजमध्ये हा फरक एका अमिनो आम्लापर्यंत नेऊन पोहोचवला. आज जिल्हा रुग्णालयात होणारी इलेक्ट्रोफोरेसिसची चाचणी पॉलिंग यांच्या त्याच तत्त्वावर चालते.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. वाहकाच्या रक्तात अर्ध्या पेशी चांगल्या आणि अर्ध्या विळ्याच्या आकाराच्या असतात, अशी कल्पना अनेकांच्या मनात असते. तसे नसते. वाहकाच्या प्रत्येक तांबड्या पेशीत दोन्ही हिमोग्लोबिन एकत्र नांदत असतात. साधारणपणे सिकल हिमोग्लोबिन ३५ ते ४० टक्के आणि बाकीचे बहुतांश नेहमीचे. रुग्णाच्या पेशीत नेहमीचे प्रौढ हिमोग्लोबिन मुळीच नसते. तिथे सिकल हिमोग्लोबिन असते आणि सोबतीला थोडे गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन.

सिकल हिमोग्लोबिन प्राणवायू घेऊन जात असते तोवर नेहमीच्या हिमोग्लोबिनसारखेच वागते. ऊतींना प्राणवायू देऊन झाला, की त्याच्या रेणूंवरचा तो व्हॅलिनचा चिकट भाग शेजारच्या रेणूच्या खाचेत बसतो, रेणूमागून रेणू जुळत जातात आणि सुंभाला पीळ द्यावा तसा १४ धाग्यांचा ताठ दोर पेशीत तयार होतो. असे अनेक दोर पेशीला आतून ताणतात आणि एरवी अरुंद केशवाहिनीतूनही दुमडून निघून जाणारी मऊ पेशी कडक होऊन विळ्याचा आकार घेते. परंतु ही जुळणी लगेच होत नाही. पहिले काही रेणू एकत्र येईपर्यंत थोडा वेळ जातो आणि त्यानंतर मात्र दोर झपाट्याने वाढतो. या सुरुवातीच्या विलंबावर सगळे अवलंबून आहे, कारण पेशी केशवाहिनीतून बाहेर पडून पुन्हा फुप्फुसात पोहोचली आणि तिला प्राणवायू मिळाला, तर जुळू पाहणारे रेणू सुटे होतात.

पेशीतील सिकल हिमोग्लोबिनची दाटी थोडी जरी कमी झाली, तरी हा विलंब कित्येक पटींनी वाढतो. वाहकाच्या पेशीत नेहमीचे हिमोग्लोबिन मध्ये मध्ये असल्यामुळे दोराची सुरुवात होण्यापूर्वीच पेशी फुप्फुसात परतलेली असते, आणि हीच शर्यत रुग्णाच्या पेशी दिवसातून असंख्य वेळा हरत असतात. त्यामुळे निम्म्या सिकल हिमोग्लोबिनने निम्मा आजार होत नाही. रोजच्या जगण्यात तो बहुतेक मुळीच होत नाही. वाहकाची पेशी नेहमीप्रमाणे सुमारे १२० दिवस जगते, तर रुग्णाची १० ते २० दिवसांत फुटते.

या फरकाचे परिणाम एकेका अवयवावर कसे उमटतात, ते पाहण्यासारखे आहे. रुग्णाच्या पेशी लवकर फुटत असल्यामुळे त्याचे हिमोग्लोबिन बहुधा ६ ते ९ ग्रॅमच्या आसपास राहते, डोळ्यांत पिवळेपणा दिसतो, आणि फुटलेल्या पेशींतल्या रंगद्रव्यामुळे कमी वयातच पित्ताशयात खडे होऊ शकतात. कडक पेशी केशवाहिन्यांत अडकल्या, की हाडांत असह्य कळा उठतात. तान्ह्या मुलांमध्ये हाताची आणि पायाची बोटे सुजणे ही पुष्कळदा आजाराची पहिली खूण असते. खुब्याच्या हाडाच्या गोलाला रक्त न मिळाल्याने तो झिजतो आणि ऐन तारुण्यात चालणे अवघड होते. मेंदूच्या रक्तवाहिनीत अडथळा आला तर लहान मुलालाही पक्षाघात होतो, आणि फुप्फुसात अडथळा आला तर छातीत दुखून धाप लागते; ही दोन्ही लक्षणे तातडीने रुग्णालय गाठण्याची आहेत.

प्लीहेची कथा सर्वांत दुःखद आहे. रक्त गाळून त्यातले जंतू टिपणारा हा अवयव आपल्या अरुंद वाटांमुळेच बळी पडतो. कधी त्यात अचानक रक्त साठून काही तासांत बाळाचा जीव धोक्यात येतो, आणि अनेक रुग्णांत वारंवार होणाऱ्या इजेने ती हळूहळू निकामी होते. त्यामुळे न्युमोनियाच्या जंतूंपुढे मूल उघडे पडते, आणि म्हणूनच रुग्ण बालकांना लसीकरण आणि पाच वर्षांपर्यंत पेनिसिलिन सांगितले जाते. आईला पोटात डाव्या बाजूला हात लावून प्लीहेचा आकार ओळखायला शिकवणे ही साधी गोष्ट बाळाचा जीव वाचवू शकते, आणि आजाराच्या समुपदेशनात तिला पहिले स्थान मिळावे असे मला मनापासून वाटते.

वाहकाच्या बाबतीत यांतले जवळजवळ काहीच घडत नाही. अपवाद मूत्रपिंडाचा आहे, आणि वर सांगितलेल्या विलंबाची खात्री पटवणारा तो उत्तम पुरावा आहे. मूत्रपिंडाच्या आतल्या भागात प्राणवायू कमी, आम्लता जास्त, रक्ताचा वेग मंद आणि क्षारांचे प्रमाण नेहमीच्या रक्ताच्या सुमारे चौपटीपर्यंत असते. तिथे पेशीतले पाणी बाहेर ओढले जाते, सिकल हिमोग्लोबिनची दाटी वाढते, विलंब घटतो आणि वाहकाची पेशीसुद्धा वाकते. म्हणून काही वाहकांना न दुखता लघवीतून रक्त जाते, आणि अनेकांची लघवी दाट करण्याची क्षमता थोडी कमी असते. असे रक्त दिसल्यास ‘वाहक आहे, चालायचेच’ म्हणून सोडून न देता तपासून घ्यावे, कारण मूत्रपिंडाचा एक अतिशय दुर्मीळ कर्करोगही वाहकांत आढळतो. लेह-लडाखसारख्या उंचीवर जाताना, कडक उन्हात पाणी न पिता टोकाचे श्रम करताना, किंवा डोळ्याला मार लागून आत रक्त साचल्यास वाहकाने आपण वाहक असल्याचे डॉक्टरांना सांगावे. वाहकासाठी सावधगिरीची यादी साधारण इथेच संपते. वाहक पुढे वयानुसार रुग्ण होत नाही.

याच ठिकाणी दवाखान्यांतही एक चूक होताना दिसते. ‘एएस’ असलेल्या एखाद्या बाईचे हिमोग्लोबिन ८ आले, की ‘तुला सिकल आहे, ते कमीच राहणार’ असे सांगून तिला परत पाठवले जाते. वाहक असल्याने रक्त कमी होत नाही. तिला बहुधा लोहाची कमतरता असते, जंत असू शकतात किंवा पाळीत जास्त रक्त जात असते, आणि हे सारे बरे होण्यासारखे असते. उलट ज्या रुग्णाला अनेकदा रक्त चढवले आहे, त्याच्या शरीरात लोह आधीच साठलेले असू शकते. त्याला तपासणी न करता लोहाच्या गोळ्या देणे हानिकारक ठरते. एकाच लक्षणासाठी दोघांचे उपचार विरुद्ध दिशेला जातात.

हिवतापाच्या बाबतीतही असेच आहे. वाहकाला फाल्सिपारम हिवतापाच्या गंभीर रूपापासून बरेच संरक्षण मिळते, हे अँथनी ॲलिसन यांनी १९५४ मध्ये पूर्व आफ्रिकेतील अभ्यासातून मांडले. गडचिरोलीसारख्या हिवतापग्रस्त जंगलपट्ट्यात हे जनुक पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहण्याचे कारण त्यात आहे. रुग्णासाठी मात्र हिवताप घातक असतो, कारण तापाने आणि रक्त कमी झाल्याने त्याचा त्रास उसळतो.

‘एएस’ आणि ‘एसएस’ असे स्पष्ट छापलेले असले, तरी ते वाचताना तीन ठिकाणी घोटाळा होतो. पहिले म्हणजे जन्मानंतरचे सहा महिने. या काळात बाळाच्या रक्तात गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन भरपूर असते आणि ते दोर जुळू देत नाही, म्हणून रुग्ण बाळही ठणठणीत दिसते. सोल्युबिलिटी चाचणी तर या वयात भरवशाची नसतेच. दुसरे म्हणजे रक्त चढवलेला रुग्ण. त्याच्या नमुन्यात दात्याच्या पेशींतले नेहमीचे हिमोग्लोबिन मिसळते आणि ‘एसएस’ असलेला माणूस कागदावर ‘एएस’ दिसू शकतो, जरी त्याच्या स्वतःच्या पेशी पूर्वीसारख्याच असल्या. म्हणून निदानाचा नमुना रक्त देण्याआधी घ्यावा लागतो. तिसरा घोटाळा थॅलेसेमियाचा, म्हणजे हिमोग्लोबिनची साखळी पुरेशी तयार न होण्याच्या आनुवंशिक दोषाचा आहे: आईवडिलांपैकी एक सिकलचा वाहक आणि दुसरा बीटा थॅलेसेमियाचा वाहक असेल, तर मुलाला ‘एसएस’सारखाच त्रास देणारा आजार होऊ शकतो, आणि दुसऱ्या पालकाची सोल्युबिलिटी चाचणी मात्र निगेटिव्ह आलेली असते. जोडीदाराची चाचणी निगेटिव्ह आली म्हणून निर्धास्त राहणारी जोडपी इथे फसतात. त्या जोडीदारानेही इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी करून घ्यायला हवे.

लग्नाच्या वेळी पाहायचे ते एवढेच. वाहकाचे लग्न ‘एए’ असलेल्या व्यक्तीशी झाले, तर एकही मूल रुग्ण होत नाही. प्रत्येक वेळी मूल वाहक असण्याची शक्यता ५० टक्के असते. दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भारपणात रुग्ण मूल होण्याची शक्यता २५ टक्के असते, आणि ‘पहिले रुग्ण झाले, आता पुढची तीन चांगली होतील’ हा हिशेब खरा नाही, कारण प्रत्येक गर्भारपणात चिठ्ठी नव्याने पडते. अशा जोडप्याला गर्भाची तपासणी करून घेण्याची सोय आहे. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट ठेवले गेले, ते या माहितीसाठीच. वाहकाला अपात्र ठरवण्यासाठी ही तपासणी नाही, आणि ती तशी वापरली जाते तेव्हा लोक पुढच्या वेळी बोट पुढे करत नाहीत.

उपचारांतही दोघांची वाट वेगळी आहे. वाहकाला औषध लागत नाही. रुग्णाला हायड्रॉक्सियुरिया दिले जाते. त्याने गर्भावस्थेतल्या हिमोग्लोबिनचे प्रमाण वाढते, म्हणजे वाहकाच्या पेशीत नेहमीचे हिमोग्लोबिन जे काम करते, त्याच तऱ्हेचे काम रुग्णाच्या पेशीत करवून घेतले जाते. अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यातील २१ प्रकारांत सिकलसेल आजाराचा समावेश आहे, पण तोही रुग्णासाठी. वाहकाला त्याची गरज पडत नाही.

आजार मुळापासून घालवणाऱ्या उपचारांपैकी अस्थिमज्जा प्रत्यारोपण सर्वांत जुने. त्यासाठी ऊती जुळणारा भाऊ किंवा बहीण लागते, आणि ती व्यक्ती सिकलची वाहक असली तरी दाता म्हणून चालते. प्रत्यारोपण यशस्वी झाले, की रुग्णाच्या हाडांत दात्याच्या मज्जेतून पेशी तयार होऊ लागतात आणि त्याच्या इलेक्ट्रोफोरेसिसच्या अहवालात दात्याचाच ‘एएस’ पॅटर्न उमटतो. त्याचे दुखणे थांबते. मात्र त्याच्या बीजपेशी बदललेल्या नसतात, त्यामुळे आपल्या प्रत्येक अपत्याला तो सिकलचे एक जनुक पूर्वीसारखेच देत राहतो, आणि त्याच्या जोडीदाराची तपासणी तेव्हाही तेवढीच आवश्यक असते.