अर्धस्वयंचलित रायफलबंदी व अमेरिकेचे सर्वोच्च न्यायालय

अमेरिकेतील काही राज्यांनी व शहरांनी एआर–१५ सारख्या अर्धस्वयंचलित रायफलींवर घातलेली बंदी संविधानात बसते का, हा प्रश्न २०१५ पासून सर्वोच्च न्यायालयापुढे वारंवार आला. जून २०२५ पर्यंत न्यायालयाने त्यावर निकाल देण्याचे टाळले. दुसऱ्या घटनादुरुस्तीतील (१७९१) शस्त्र बाळगण्याचा हक्क व्यक्तीचा आहे, असे हेलर खटल्यात (२००८) ५ विरुद्ध ४ मतांनी ठरले. २०१० मध्ये तो राज्यांवरही बंधनकारक झाला.

अर्धस्वयंचलित रायफलीत चाप एकदा ओढला की एकच गोळी सुटते. एआर–१५ मध्ये गोळीमागचा वायू नळीवरील छिद्रातून मागे येतो व नळीचे मागचे तोंड बंद करणारी बोल्टची जुळणी मागे ढकलतो. रिकामे काडतूस बाहेर पडते आणि स्प्रिंगच्या जोराने पुढचे काडतूस नळीत चढते. पुढच्या गोळीसाठी चाप पुन्हा ओढावा लागतो. लष्करी एम–१६ मध्ये चाप दाबून धरला की गोळ्या सुटत राहतात. वादातला मुख्य तांत्रिक फरक एवढाच. नावातील ‘एआर’ आर्मालाइट या मूळ कंपनीवरून आले आहे.

बंदीच्या कायद्यांतील ‘असॉल्ट वेपन’ या संज्ञेचे मूळ वादग्रस्त आहे. शस्त्रसमर्थक ती राजकारण्यांनी घडविली असे मानतात. काही अभ्यासक तिचा माग दुसऱ्या महायुद्धातील जर्मन ‘श्टुर्मगेव्हेर’ या नावापर्यंत नेतात. परंतु ते नाव पूर्ण स्वयंचलित मारा करू शकणाऱ्या शस्त्राचे होते. साधारणतः १९८० च्या दशकात शस्त्रविक्रेत्यांची नियतकालिकेही असे शब्द मिरवीत, हे पाहता केवळ राजकारण्यांना जबाबदार धरणे कठीण दिसते. कायद्यांची व्याख्या मात्र बहुधा पिस्तुलासारखी मूठ, घडीचा दस्ता अशा बाह्य लक्षणांवर उभी असते, आणि टीकेचा रोखही तेथेच आहे.

स्टॉकटन येथील शाळेतील गोळीबारानंतर कॅलिफोर्नियाने १९८९ मध्ये बंदी आणली. संघराज्याची बंदी १९९४ ते २००४ अशी दहा वर्षे टिकली. इलिनॉयचा कायदा २०२३ चा आहे.

सर्वोच्च न्यायालयात अशी याचिका (प्राकर्षण, म्हणजे खालच्या न्यायालयाचा निकाल तपासण्याची विनंती) सुनावणीस घ्यायची की नाही, हे १९२५ च्या कायद्यापासून बव्हंशी न्यायालयाच्याच मर्जीवर आहे. नऊपैकी चार न्यायाधीशांची संमती लागते. बैठक बंद दाराआड होते. दारावर थाप पडली तर सर्वांत कनिष्ठ न्यायाधीश उठून दार उघडतो. आदेशांच्या यादीत बहुधा ‘याचिका नामंजूर’ एवढीच ओळ असते. अशा नकाराचा अर्थ खालच्या निकालाला दुजोरा असा नव्हे, हे न्यायमूर्ती फ्रँकफर्टर यांनी १९५० मध्ये स्पष्ट केले होते. आपल्याकडे अनुच्छेद १३६ खालील विशेष अनुमती याचिका कारण न देता फेटाळली, तर तिलाही तसाच अर्थ दिला जातो. तथापि, नकारानंतर बंदी जागच्या जागी राहते, हेही खरे.

इलिनॉयमधील हायलँड पार्क शहराच्या बंदीविरुद्धची याचिका डिसेंबर २०१५ मध्ये नामंजूर झाली; न्यायमूर्ती टॉमस व स्कॅलिया यांनी लेखी असहमती नोंदविली. या खटल्यात अपील न्यायालयाचे न्यायाधीश ईस्टरब्रुक यांनी एक अडचण दाखविली होती: हेलरमधील ‘सर्रास वापर’ ही कसोटी, म्हणजे सर्रास वापरात असलेल्या शस्त्रांनाच संरक्षण, गोल फिरते. शस्त्रावर बंदी आहे म्हणून ते दुर्मिळ, आणि दुर्मिळ म्हणून बंदी वैध! या पेचाला समाधानकारक उत्तर अद्याप मिळालेले दिसत नाही.

सर्वोच्च न्यायालयाच्या ब्रुएन निकालाने (२०२२) शस्त्रनियम देशाच्या इतिहास व परंपरेशी जुळतो का, ही नवी कसोटी घालून दिल्यावर मेरीलँड राज्याच्या बंदीविरुद्धचा खटला फेरविचारासाठी परत गेला. अपील न्यायालयाने २०२४ मध्ये बंदी पुन्हा उचलून धरली. स्नोप या याचिकाकर्त्याच्या नावाने तो परत आला, अनेक बैठकींत रेंगाळला आणि २ जून २०२५ रोजी नामंजूर झाला. टॉमस, अलिटो व गॉर्सच सुनावणीच्या बाजूने होते. चौथे मत मिळाले नाही. ते कॅव्हनॉ यांचे असू शकले असते, कारण २०११ मध्ये अपील न्यायालयात असताना त्यांनी अशी बंदी घटनाबाह्य मानली होती. या वेळी त्यांनी मेरीलँडचा निकाल शंकास्पद म्हटला, ५० पैकी ४१ राज्यांत एआर–१५ कायदेशीर असल्याचे नोंदविले, आणि पुढील एकदोन सत्रांत न्यायालय हा प्रश्न हाती घेईल, असे लिहून थांबणे पसंत केले.

या संकोचाची कारणे निरनिराळी दिली जातात. अपील न्यायालयांत तोवर मतभेद पडला नसल्याने घाई नव्हती, असे एक मत. न्यायाधीशांच्या दोन्ही गटांना पाचव्या मताची खात्री नाही, हे दुसरे. २०२४ मधील इलिनॉयच्या कायद्याविरुद्धच्या याचिका प्राथमिक टप्प्यावरच्या होत्या, ही अडचण टॉमस यांनीही मान्य केली होती. कॅव्हनॉ यांनी अन्य अपील न्यायालयांच्या निकालांची मदत होईल असे लिहिले असल्याने पहिले मत अधिक ग्राह्य वाटते. दुसरे बैठकीतील गुप्ततेमुळे तर्कच राहते.

स्नोपनंतर तीनच दिवसांनी, मेक्सिकोने शस्त्रनिर्मात्यांविरुद्ध केलेल्या दाव्याच्या एकमताच्या निकालात न्यायमूर्ती केगन यांनी एआर–१५ ही देशातील सर्वाधिक लोकप्रिय रायफल असल्याचा उल्लेख केला. बंदीचा प्रश्न त्या दाव्यात नव्हता.