पायाच्या धमन्या ब्लॉक झाल्यावर फुले योजनेतून उपचार: नाशिककरांचे कागद कुठे अडतात

गुडघ्याखालच्या रक्तवाहिन्या बंद होऊन पायाची जखम भरत नसेल, तर अँजिओप्लास्टी (फुग्यानं धमनी उघडणं) किंवा बायपाससाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा आधार आहे. कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळतं. २०२३ च्या शासन निर्णयानुसार पिवळ्या आणि केशरी कार्डाबरोबर पांढरं रेशन कार्डही चालतं. तरीही माणसं रिकाम्या हाती परत येतात, आणि बहुतेक वेळा कारण अगदी क्षुल्लक असतं.

पहिली अडचण रेशन कार्डाची. जुनं, घडीवर फाटलेलं कार्ड पिशवीत असतं, पण ते ऑनलाइन झालेलं नसतं. बारा अंकी नंबर नसेल तर आरोग्यमित्राला, म्हणजे रुग्णालयात योजनेची नोंद करणाऱ्या मदतनीसाला, पुढे जाता येत नाही. त्यात आजीचं नाव कार्डावर भागाबाई, आधारवर भागीरथी. सुनेचं नाव अजून माहेरच्याच कार्डावर. ही दुरुस्ती तहसीलच्या पुरवठा शाखेत होते, नाशिक शहरात धान्य वितरण अधिकाऱ्यांकडे. तिथे ‘पुढच्या आठवड्यात या’ हे उत्तर ठरलेलं. ज्याचा अंगठा काळा पडतोय त्याला पुढचा आठवडा परवडत नाही, हे खिडकीपलीकडच्या माणसानं समजून घ्यायला हवं. डॉक्टरांची चिठ्ठी सोबत न्या, अर्जाला जोडा आणि पोच घ्या.

रुग्णाचं वय ७० किंवा त्याहून जास्त असेल तर रेशन कार्डाच्या मागे धावूच नका. ऑक्टोबर २०२४ पासून अशा ज्येष्ठांना आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. उत्पन्नाची अट नाही, फक्त आधार लागतं. वय मात्र आधारवरचंच धरतात. सुरगाणा-पेठकडून द्राक्षबागांत कामाला येणाऱ्या म्हाताऱ्यांच्या बोटांचे ठसे झिजलेले असतात, मशीन ते घेत नाही. मग ओटीपीसाठी आधारला जोडलेला मोबाइल बंद पडलेला निघतो. अशा वेळी चेहरा दाखवून ओळख पटवण्याची सोय आहे. कार्ड काढून देणाऱ्या केंद्रवाल्याकडे ती आग्रहानं मागा.

दुसरी अडचण रुग्णालयाची. ‘इथे योजना आहे’ हा फलक पाहून आत जाऊ नका. मान्यता उपचारांच्या विभागानुसार असते. हृदयाची अँजिओप्लास्टी होते म्हणून पायाचीही होईलच असं नाही. पोटरीतल्या तीन बारीक धमन्यांचं काम वेगळं आहे, ते करणारे डॉक्टरही वेगळे. जिल्हा रुग्णालयातल्या किंवा शालिमारजवळच्या विभागीय संदर्भ सेवा रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला नेमका प्रश्न विचारा: पायाच्या धमनीची अँजिओप्लास्टी योजनेतून सध्या कुठे होते? १५५३८८ या क्रमांकावरही विचारता येतं.

तिसरी गोष्ट पैशांची, आणि इथे लोक सर्वांत जास्त फसतात. ही योजना कॅशलेस आहे. आधी पैसे भरून नंतर बिल लावता येत नाही. म्हणून दाखल होतानाच योजनेत नोंद करा, मंजुरीची खात्री करा, मगच पुढे जा. बाहेरून केलेल्या डॉपलरचा (रक्तप्रवाह पाहणाऱ्या सोनोग्राफीचा) खर्च परत मिळेल असं धरून चालू नका. पॅकेजमध्ये तपासण्या, औषधं, लागणारं साहित्य आणि जेवण सगळं धरलेलं असतं. ‘फुगा योजनेत बसत नाही, वरचे भरा’ असं कोणी म्हटलं तर लेखी मागा आणि त्याच क्रमांकावर तक्रार करा.

मंजुरीसाठी पाठवायच्या कागदांत डॉक्टरांची नोंद, डॉपलर किंवा अँजिओग्राफीचा रिपोर्ट आणि जखमेचा स्पष्ट फोटो ठेवा. सीटी अँजिओग्राफीत धमन्या दिसाव्यात म्हणून टोचलेल्या डायमुळे किडनीवर ताण येऊ शकतो, म्हणून क्रिएटिनिनचा (किडनीचं काम दाखवणाऱ्या रक्ततपासणीचा) ताजा रिपोर्ट जवळ असू द्या. मधुमेहींच्या धमन्या कडक झालेल्या असतात, त्यामुळे पायाचा रक्तपुरवठा तपासताना घोट्यावर मोजलेला रक्तदाब खोटा चांगला दिसू शकतो. ‘रिपोर्ट नॉर्मल आहे’ या शेऱ्यावर प्रकरण अडलं, तर पायाच्या बोटावरचा दाब मोजता येईल का हे डॉक्टरांना विचारा.

पाय अचानक गार, पांढरा आणि बधिर झाला तर कागद शोधत घरी थांबू नका. अशा वेळी हातात काही तासच असतात. तातडीच्या रुग्णाची नोंद फोनवरून होते. कागद मागून आणून द्या, पण घरी सोडण्याआधी ते जमा झालेच पाहिजेत.

शेवटची गोष्ट योजनेतल्या ‘१० दिवसां’ची. घरी सोडल्यानंतर १० दिवसांपर्यंतची फेरतपासणी आणि औषधं मोफत आहेत. जखम भरेपर्यंतचं ड्रेसिंग त्यात येत नाही, आणि अशी जखम भरायला कित्येक आठवडे लागतात. डिस्चार्ज कार्डावर ड्रेसिंग किती दिवसांनी आणि कसं करायचं ते स्पष्ट लिहून घ्या, म्हणजे गावाजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात ते करून घेता येईल.