बर्डीला माउस घ्यायला जाताय? आधी घरातली फूटपट्टी काढा

मागच्या महिन्यात भाच्याला घेऊन बर्डीला, म्हणजे आपल्या नागपूरच्या सीताबर्डी बाजारात, गेलो होतो, दहावीत चांगले मार्क पडले तर गेमिंग माउस घेऊन देईन असं कबूल केलं होतं म्हणून. दुकानात काउंटरवर तीन-चार डबे आले आणि त्यानं लगेच एकावर बोट ठेवलं, "मामा, हाच घ्या न, २६ हजार डीपीआयवाला, माझा आताचा फक्त ८ हजारचा आहे म्हणून तर हेडशॉट, म्हणजे डोक्यावर नेम, लागत नाही." मी विचारलं काहून बरं, आकडा मोठा झाल्यानं नेमकं काय होते, तर त्याला सांगता आलं नाही, आणि खरं म्हणजे त्याची काही चूक पण नाही, डब्यावर तो आकडा सगळ्यात मोठ्या अक्षरात असतो पण त्याचा अर्थ कुठंच लिहिलेला नसतो.

तर अर्थ असा. माउसच्या पोटाखाली एक छोटा कॅमेरा असतो, खरंच कॅमेरा. बाजूचा एलईडी पृष्ठभागावर तिरपा उजेड टाकतो, त्यामुळं कापडाच्या धाग्यांच्या बारीक सावल्या पडतात आणि कॅमेरा सेकंदाला हजारो फोटो काढतो. आतली चिप लागोपाठचे दोन फोटो एकमेकांवर ठेवून बघते की चित्र किती सरकलं, कोणत्या बाजूला सरकलं. मेट्रोतून खाली वर्धा रोड बघताना रस्ता मागं सरकला की आपण पुढं आलो हे कळते न, अगदी तसंच. पारदर्शक काचेच्या टेबलावर साधा माउस चालत नाही त्याचं कारण पण हेच, उजेड आरपार जातो, फोटोत धरायला काही खुणाच सापडत नाहीत.

चिप हे सरकणं मोजून कॉम्प्युटरला पाठवते, त्या मोजमापाच्या एका पावलाला काउंट म्हणतात. ८०० डीपीआय म्हणजे माउस एक इंच सरकला की ८०० काउंट, म्हणजे एक काउंट साधारण ०.०३ मिलिमीटरचा. २६ हजारवर तोच काउंट होतो एक मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या, आसपास. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, आणि कुणाचाही निरोगी हात सेकंदाला ८ ते १२ वेळा अगदी बारीक थरथरत असतो, ती थरथर थांबवता येत नाही. एवढ्या बारीक मापावर सेन्सर तुमचा नेम कमी आणि तुमची थरथर, वर स्वतःच्या फोटोतला गोंधळ, असं सगळं जास्त मोजत बसतो. म्हणून ८०० किंवा १६०० वर ठेवा, तेवढं पुष्कळ झालं, आणि आज बाजारातला बरा म्हणावा असा प्रत्येक माउस तेवढं देतो.

आता खरी गोष्ट. गेममध्ये डीपीआय एकटा कधीच काम करत नाही, त्याला गेममधल्या सेन्सिटिव्हिटीनं, म्हणजे माउस हलला की नजर किती फिरते त्या सेटिंगच्या आकड्यानं, गुणलं जातं, आणि त्या गुणाकाराला खेळणारे ईडीपीआय म्हणतात. ४०० डीपीआयवर सेन्सिटिव्हिटी १ ठेवा नाहीतर ८०० वर ०.५ ठेवा, हाताला जवळपास एकच. व्हॅलोरंट या नेमबाजीच्या गेममध्ये सेन्स, म्हणजे हीच सेन्सिटिव्हिटी, १ असला की एका काउंटला नजर ०.०७ अंश फिरते, काउंटर-स्ट्राइक या तशाच दुसऱ्या गेममध्ये ०.०२२ अंश, म्हणूनच एका गेमचा सेन्स दुसऱ्यात नेताना ३.१८ नं भागतात किंवा गुणतात. यावरून पूर्ण ३६० अंश गोल फिरायला टेबलावर किती सेंटिमीटर लागतील ते काढता येते: व्हॅलोरंटसाठी १३०६३ ला तुमच्या ईडीपीआयनं भागा, काउंटर-स्ट्राइकसाठी ४१५६४ ला. जो आकडा येईल तोच तुमची खरी सेन्सिटिव्हिटी, आणि तो फूटपट्टीनं तपासता येतो, पट्टीशेजारी माउस सरळ सरकवा आणि बघा बरोबर एक चक्कर होते का.

भाच्याचं घरी येऊन मोजलं. माउस ८ हजारपर्यंत जाणारा, पण त्यानं ठेवलेला होता १६०० डीपीआयवर, सेन्स ०.८, म्हणजे ईडीपीआय १२८०, पूर्ण चक्कर फक्त १०.२ सेंटिमीटरमध्ये! आता समजा गेममध्ये २० मीटरवर समोरचा उभा आहे आणि त्याचं डोकं १५ सेंटिमीटर रुंद आहे. ते नजरेत ०.४३ अंशाचं दिसते. १०.२ सेंटिमीटरच्या सेटिंगवर त्या डोक्याची टेबलावरची रुंदी होते ०.१२ मिलिमीटर, म्हणजे साधारण वहीच्या एका पानाच्या जाडीएवढी. हा पोरगा रोज संध्याकाळी एका पानाच्या जाडीवर माउस थांबवायचा प्रयत्न करत होता आणि जमत नाही म्हणून स्वतःला दोष देत होता, मला ते ऐकून फार वाईट वाटलं. हेच ईडीपीआय ४०० वर आणलं तर चक्कर ३२.७ सेंटिमीटरची होते आणि डोकं सव्वातीन पानांएवढं रुंद.

यामागचं शास्त्र जुनं आहे, माउसच्याही आधीचं. १८९९ मध्ये रॉबर्ट वुडवर्थ या मानसशास्त्रज्ञानं दाखवलं की आपली नेम धरायची हालचाल दोन भागात होते, आधी एक झपाट्याचा फेक, मग डोळ्यानं बघत बघत बारीक दुरुस्ती. आणि १९५४ मध्ये पॉल फिट्सनं नियमच मांडला की लक्ष्य जितकं लांब आणि जितकं अरुंद, तितका वेळ जास्त लागतो. कॅरमवाल्याला हे सांगावं लागत नाही. आता सेन्स बदलला की दोन्ही गोष्टी एकाच वेळी बदलतात, सेन्स जास्त असला तर हाताला अंतर कमी कापावं लागते पण लक्ष्य अरुंद होऊन दुरुस्ती अवघड होते, फार कमी केला तर लक्ष्य ऐसपैस मिळते पण मागं वळायला दंडापासून हात ओढावा लागतो आणि तोवर मागचा गोळी मारून मोकळा. म्हणून मधला कुठला तरी आकडा पाहिजे, व्हॅलोरंटच्या बहुतेक प्रो खेळाडूंचा ईडीपीआय साधारण २०० ते ४०० असतो, म्हणजे ६५ ते ३३ सेंटिमीटर.

पण त्यांची सेटिंग जशीच्या तशी उचलू नका, कारण त्यांच्यासमोर मोठं मोकळं टेबल असते आणि आपल्याकडे बहुतेक घरी कॉम्प्युटर टेबलचा तो सरकता ट्रे असतो, कीबोर्ड ठेवला की उजवीकडे माउसला वीतभर जागा उरते. भाच्याच्या ट्रेवर मोजली तर २२ सेंटिमीटर निघाली. मी तर म्हणतो सुरुवातच इथून करा, जागा मोजा, आणि अर्धी चक्कर त्या जागेत माउस न उचलता मावली पाहिजे असा सेन्स ठरवा. ३२.७ ची अर्धी १६.३, आरामात मावते.

अजून एक काम आठवणीनं करा, विंडोजच्या माउस सेटिंगमधलं 'एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन' बंद करा. नाव चांगलं आहे पण ते ॲक्सिलरेशन आहे, म्हणजे माउस हळू नेला तर पॉइंटर कमी जातो आणि तेवढंच अंतर झटक्यात नेलं तर जास्त जातो. ऑफिसच्या कामाला ठीक आहे. नेमबाजीत हाताला "एवढं अंतर म्हणजे एवढा कोन" हे पाठ व्हायला पाहिजे आणि ते पाठच होत नाही. तिथंच पॉइंटर स्पीडच्या पट्टीवर ११ खाचा आहेत, सहावीवर ठेवा, आणि गेममध्ये रॉ इनपुट, म्हणजे विंडोजची सेटिंग टाळून माउसचे काउंट थेट घेणारा पर्याय, असेल तर चालू करा.

पोलिंग रेटवर, म्हणजे माउस सेकंदाला किती वेळा कॉम्प्युटरला खबर देतो त्या आकड्यावर, जास्त वेळ घालवू नका. १००० हर्ट्झ म्हणजे माउस दर मिलिसेकंदाला खबर देतो, ८००० हर्ट्झवाला घेतला तर सरासरी अर्धा मिलिसेकंद पण वाचत नाही, उलट प्रोसेसरवर भार. मॉनिटर ६० हर्ट्झचा असेल तर तो एक फ्रेम दाखवायलाच १६.७ मिलिसेकंद घेतो, १४४ हर्ट्झवाला ६.९. पैसे तिकडे घाला.

मग माउस निवडायचा कसा, तर हातात धरून. तळवा पूर्ण टेकवून धरता, बोटं वाकवून धरता की फक्त बोटांच्या टोकांनी, यावर आकार ठरतो, आणि हे ऑनलाइन फोटो बघून कळत नाही, म्हणून मी त्याला बर्डीला घेऊन गेलो. वजन ६० ते ८० ग्रॅम असलं तर थांबवायला जोर कमी लागतो. दुकानात उचलून बघायची पण एक चाचणी आहे, माउसखाली एक जुनी सीडी अशी सरकवा की सेन्सर तिच्या भोकावर येईल, सीडी १.२ मिलिमीटर जाड असते, आणि मग हलवा. पॉइंटर हलला नाही तर उत्तम, कारण कमी सेन्सवर माउस वारंवार उचलून ठेवावा लागतो आणि हवेत असताना नजर भटकायला नको.

नागपूरकरांसाठी पॅडचं वेगळं सांगतो. मे महिन्यात ४५ डिग्रीत घाम सुटते, त्यात कूलर खोलीभर ओलसर हवा फेकतो, आणि कापडी पॅड तो ओलावा पिऊन बसते. मग माउस आधी अडकतो आणि जोर लावला की एकदम सुटतो, कारण थांबलेल्या वस्तूचं घर्षण सरकणाऱ्या वस्तूपेक्षा जास्त असते. कॅरमवर पावडर संपल्यावर स्ट्राइकर करतो तसंच. बारीक दुरुस्ती नेमकी इथंच फसते आणि पोरं सेन्स बदलत बसतात. पॅड महिन्यातून एकदा साबणानं धुवा, सावलीत पूर्ण वाळवा, कूलरचा झोत थेट टेबलावर येऊ देऊ नका.

शेवटी २६ हजारवाला नाही घेतला, त्याच्या हाताला बसणारा ६८ ग्रॅमचा घेतला आणि उरलेल्या पैशात मोठं पॅड. पहिले चार दिवस फोन येत होते, "मामा, वळायलाच होत नाही, वाढवू का थोडा?" मी म्हटलं तीन आठवडे हात लावू नको, हाताला जुनं विसरायला वेळ लागते. परवा घरी गेलो तर ट्रेच्या कडेला पेन्सिलीनं दोन खुणा केलेल्या दिसल्या, १६.३ सेंटिमीटर अंतरावर, रोज खेळायच्या आधी डोळे मिटून या खुणेपासून त्या खुणेपर्यंत दहा वेळा माउस नेतो म्हणे.